फिरतीच्या नोकरीत झोपेचाही हिशेब हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आरोग्य पुरवण्यांमध्ये बैठ्या कामाच्या दुष्परिणामांवर नेहमी वाचायला मिळतं. खुर्ची कशी असावी, दर तासाला उठून चार पावलं का चालावीत, स्क्रीन डोळ्यांपासून किती लांब असावी. हे लिहिलं गेलंच पाहिजे. पण ज्यांची नोकरीच फिरतीची आहे, महिन्यातल्या कितीतरी रात्री ज्यांना परगावच्या लॉजवर काढाव्या लागतात, त्यांच्या तब्येतीबद्दल फारसं कुणी बोलत नाही. उलट 'तुमचं बरं आहे, सारखं फिरणं म्हणजे आपोआप व्यायाम' असं लोक सहज म्हणून जातात. मी औषध कंपनीचा विक्री प्रतिनिधी, म्हणजे एमआर. हेडक्वार्टर अकोला. वीस वर्षांहून अधिक काळ हेच काम करतो आहे. आवडीनं करतो आहे, हेही सांगायला हवं, कारण पुढचं सगळं वाचून कुणी 'मग सोडा ना नोकरी' म्हणेल. नोकरी सोडायची नाही, ती निभावता यावी एवढ्यासाठीच हे पत्र.

आमचं काम कसं चालतं ते आधी सांगतो, कारण तब्येतीचा प्रश्न तिथूनच सुरू होतो. महिना संपत आला की पुढच्या महिन्याचा टूर प्रोग्राम भरायचा. कुठल्या तारखेला कुठलं गाव, किती डॉक्टर, किती केमिस्ट, कुठला स्टॉकिस्ट, म्हणजे औषधांचा घाऊक विक्रेता. अकोट, मूर्तिजापूर, बाळापूर ही आमची एक्स-स्टेशन, म्हणजे सकाळी जायचं आणि रात्री घरी परतायचं. वाशिम, रिसोड, मेहकर, बुलडाणा, पुसद ही आउटस्टेशन, म्हणजे मुक्काम. हा प्रोग्राम एरिया मॅनेजर मंजूर करतो. डॉक्टरांची यादी पूर्ण होते का, किलोमीटर भत्त्यात बसतात का, मागच्या महिन्यात कुठलं गाव सुटलं होतं, हे सगळं तो पाहतो. माणूस रात्री किती वाजता झोपणार आणि सकाळी किती वाजता उठणार, याचा रकाना त्या तक्त्यात नाही.

तालुक्याच्या गावात डॉक्टर एमआरना बहुधा दोनच वेळा भेटतात. दुपारची ओपीडी उरकल्यावर, नाही तर रात्री शेवटचा पेशंट गेल्यावर. पेशंटच्या खुर्चीवर आम्ही बसत नाही, ते बरोबरही आहे, त्यामुळे दाराशी बॅग घेऊन उभं राहायचं. शेवटचा पेशंट कधी साडेआठला जातो, कधी दहाला. मग दोन मिनिटांचा कॉल, आमच्या भाषेत डॉक्टरांची भेट. असे दोन-तीन डॉक्टर झाले की लॉजवर येऊन टॅबवर दिवसाचा रिपोर्ट भरायचा, कारण मध्यरात्रीपर्यंत तो गेला नाही तर दिवस गैरहजेरीत जातो. तोवर खानावळ बंद झालेली असते. मग बसस्टँडसमोरचा ढाबा, तेलाचा तवंग आलेली शेवभाजी आणि तंदुरी रोटी. आडवं व्हायला साडेबारा. सकाळी साडेसहाला पुढच्या गावाची एसटी, नाही तर स्वतःची मोटरसायकल. सकाळचा नाश्ता म्हणजे तर्री पोहे, कचोरी, आलूबोंडा. तिन्ही मला मनापासून आवडतात, पण आठवड्यात चार-चार सकाळी तेच पोटात गेलं की पोट तक्रार करतंच. आमच्यातल्या बहुतेकांच्या खिशात ॲसिडिटीची गोळी असते.

दोन वर्षांपूर्वी वाशिमला एका डॉक्टरांनी माझा कॉल मध्येच थांबवला. "भाऊ, आधी बसा. चेहरा बरा दिसत नाही," म्हणाले, आणि दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला. १७० वर ११०. थोडा वेळ शांत बसवून पुन्हा मोजला, तरी फार उतरला नव्हता. गोळी सुरू केली आणि तीन गोष्टी सांगितल्या. सात तास झोप, जेवणाची ठरलेली वेळ, मीठ-तेल कमी. डॉक्टर मनापासून सांगत होते. रात्री लॉजवर पडल्यापडल्या मी विचार करत राहिलो. या तीनपैकी माझ्या हातात कुठली आहे? मी झोपणार कधी ते रात्रीच्या कॉलवर आणि सकाळच्या गाडीवर अवलंबून. जेवणार कधी तेही त्यावरच. काय जेवणार ते भत्त्यावर आणि त्या वेळी उघडं काय आहे त्यावर. माझं पथ्य डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असलं, तरी ते पाळलं जाणार की नाही हे टूर प्रोग्राम मंजूर होताना ठरतं. संपादक महाशय, मला सांगायचं आहे ते एवढंच, बाकीचं सगळं त्याच्या पुष्टीसाठी आहे.

झोपेचंच घ्या. २०१६ साली अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही, तो आवाजाला अर्धवट जागाच राहतो. परक्या जागेचा पहारा द्यावा तसा. लॉजवर झोपणाऱ्या कुणालाही हे पटेल. खाली रिक्षा, शेजारच्या खोलीत लग्नाची मंडळी, पंख्याची घरघर, आणि पहाटे चारला कुणीतरी चुकीचं दार ठोठावतं. घरच्यासारखी झोप दुसऱ्या-तिसऱ्या रात्री लागते म्हणावं, तर आमचं गाव रोज बदलतं. आज रिसोड, उद्या मेहकर, परवा बुलडाणा. आमची प्रत्येक रात्र पहिलीच.

आणि अशा झोपेवर सकाळी गाडी चालवायची असते. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत एक प्रयोग मांडला होता. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचं हात आणि नजर यांच्या मेळावरचं नियंत्रण, रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकं ढळतं. आपल्या मोटार वाहन कायद्यात दारू पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. सकाळी सहाला उठलेला एमआर रात्री अकराला मूर्तिजापूरहून मोटरसायकलवर अकोल्याकडे निघतो, तेव्हा त्याला जागं होऊन १७ तास झालेले असतात. त्याला कुठलाही पोलीस अडवणार नाही, अडवायला कलमच नाही. भारतात २०२२ साली रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं गेली, त्यांतले सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते. हे केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचे आकडे. त्यांत कामाच्या फिरतीवरचे किती, हे वेगळं मोजलेलं माझ्या पाहण्यात नाही. मोजायला हवं.

आणखी एक गोष्ट मला सतत टोचते. ज्या बसमध्ये बसून मी जातो तिच्या ड्रायव्हरच्या विश्रांतीचा विचार आपल्या कायद्यानं फार पूर्वी केला होता. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास काम, पाच तासांनंतर अर्धा तास विसावा, आणि एका दिवसाची ड्यूटी संपून दुसऱ्या दिवसाची सुरू होईपर्यंत सलग नऊ तास विश्रांती, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात ते किती पाळलं जातं हे एसटीचे कर्मचारीच सांगतील. पण निदान माणसाला झोप हवी असते हे कागदावर मान्य तरी होतं. त्याच बसमध्ये मागच्या सीटवर बसलेला एमआर, विमा कंपनीचा सर्व्हेयर, बी-बियाण्यांच्या कंपनीचा प्रतिनिधी, मशीन दुरुस्तीला निघालेला सर्व्हिस इंजिनीअर, यांच्यासाठी तसा नऊ तासांचा नियम नाही. पुण्याला किंवा मुंबईला मीटिंग असली की रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं जायचं, सकाळी उतरून कुठल्यातरी खोलीत तोंड धुवायचं, दिवसभर मीटिंग आणि त्याच रात्री परतीची गाडी. दुसऱ्या दिवशी दहा वाजता पहिल्या कॉलचं लोकेशन ॲपवर दिसलं पाहिजे. इतका वेळ पाय लोंबकळत ठेवून बसण्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ सालीच सांगून ठेवलं आहे की चार तासांहून अधिक सलग प्रवासानंतर शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. एकट्यादुकट्या प्रवासात तो धोका तसा लहानच असतो. जो दर महिन्याला असे प्रवास करतो त्याच्यासाठी वेगळा विचार हवा.

१ जुलै २०२३ रोजी मध्यरात्र उलटल्यावर सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ जण जळून गेले. ती आमच्या बुलडाणा जिल्ह्यातली गोष्ट. त्या रात्रीनंतर मी ट्रॅव्हल्सनं निघालो की बायको झोपत नाही. पहाटे उतरल्यावर फोन केला की मग ती आडवी होते. तिची शाळेतली नोकरी सातची. माझ्या प्रत्येक रात्रीच्या प्रवासात दोन माणसांची झोप जाते.

माझ्या एका सहकाऱ्याची हकीकत सविस्तर सांगतो, त्यानं तशी परवानगी दिली आहे. वय तेव्हा पंचेचाळीसच्या आसपास, मधुमेह जुना, इन्सुलिन सुरू झालेलं. सकाळी नाश्त्याआधी आणि रात्री जेवणाआधी. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं, आणि वापरात असलेलं इन्सुलिनचं पेनही ३० अंशांच्या आत राहायला हवं, हे आम्ही स्वतः केमिस्टना समजावून सांगतो. आता मे महिन्यातला वऱ्हाड डोळ्यांसमोर आणा. बाहेर ४५ अंश, लॉजच्या खोलीत पंखा गरम हवा फेकतो आहे, फ्रिज कुठला असायला. मोटरसायकलच्या डिकीत तर ते उकळूनच निघेल. मग याची युक्ती अशी की गावात पोचल्यावर ओळखीच्या केमिस्टच्या फ्रिजमध्ये पेन ठेवायचं. केमिस्ट आनंदानं ठेवून घ्यायचे. पण दुकान रात्री साडेनऊला बंद होणार आणि सकाळी दहाला उघडणार. सकाळचं इंजेक्शन तर आठला हवं! पुढे त्यानं तोंड रुंद असलेला एक थर्मास घेतला, तळाशी पाण्यात भिजवून पिळलेला रुमाल, वर पेन. प्रश्न रात्रीच्या डोसचा उरला. साडेआठला इंजेक्शन घ्यायचं आणि डॉक्टरनं साडेदहाला आत बोलवायचं, मधे पोटात काही नाही, म्हणजे साखर उतरणार. एकदा पुसदला दवाखान्याच्या दाराशी उभ्या उभ्या त्याला घाम फुटला, हात थरथरायला लागले, समोरच्या पेशंटसोबतच्या म्हातारीनं पिशवीतलं केळं काढून दिलं म्हणून निभावलं. त्या दिवसापासून मुक्कामावर असला की तो रात्रीचा डोस टाळायला लागला. साखर उतरून पडण्यापेक्षा चढलेली बरी, असं त्याचं गणित. त्याच्या जागी मी असतो तर मलाही तेच सुचलं असतं.

तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी (एचबीए१सी) नऊ टक्क्यांच्या वर गेली. पायांची संवेदना कमी होत गेली होती, ते त्याला कळत होतं, पण कामाला फॉर्मल बूट लागतात, चपला चालत नाहीत. दिवाळीआधी नवे बूट घेतले. मेहकरच्या मुक्कामी रात्री मोजा काढला तर करंगळीशेजारी मोजा चिकटलेला, आणि आत रक्त. दिवसभर बूट चावत होता आणि त्याला जाणवलंच नव्हतं. जखम छोटी होती. दुसऱ्या दिवशी बुलडाण्याला जॉइंट वर्क होतं, मॅनेजर सोबत येणार होता, म्हणून पट्टी बांधून तो गेला, आणि तिसऱ्या दिवशी घरी येईपर्यंत पाय सुजला होता. शेवटी दोन बोटं काढावी लागली. आता तो एका स्टॉकिस्टकडे बसून हिशेबाचं काम बघतो, पगार जवळपास निम्मा. कंपनीनं त्याला वाईट वागवलं असं तो म्हणत नाही, रजा दिली, मेडिक्लेमचे पैसेही मिळाले. पण 'तुझ्या मुक्कामाच्या रात्री कमी करू का' हे त्या काही वर्षांत कुणीही विचारलं नाही. विचारण्याची पद्धतच नाही.

आमच्या क्षेत्रात आता मुलीही येऊ लागल्या आहेत. त्यांचे प्रश्न त्यांनीच लिहावेत, पण डोळ्यांना दिसतं ते सांगतो. तालुक्याच्या बसस्टँडवरचं स्वच्छतागृह वापरण्याजोगं नसतं, म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात. एकीला लघवीच्या जंतुसंसर्गाचा त्रास वर्षातून दोन-तीनदा होतो, दुसरीला मुतखडा झाला. दवाखान्यातलं स्वच्छतागृह वापरू का, असं विचारायला संकोच वाटतो म्हणतात. डॉक्टरांच्या रिसेप्शनवर बसणाऱ्या ताईंनी आपण होऊन सांगितलं तर किती सोपं होईल.

हे फक्त आमच्याच जिल्ह्याचं रडगाणं नाही. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली हजारो नोकरदारांच्या आरोग्य तपासण्यांचा अभ्यास मांडला. महिन्याला एक ते सहा रात्री बाहेर राहणाऱ्यांच्या तुलनेत १४ किंवा त्याहून जास्त रात्री बाहेर राहणाऱ्यांचं वजन जास्त होतं, झोपेच्या तक्रारी, चिंता आणि नैराश्याची लक्षणं जास्त होती, सिगारेट ओढणारे आणि काहीच व्यायाम न करणारे जास्त होते. म्हणजे संख्येला महत्त्व आहे. थोडी फिरती शरीर सोसतं, एका मर्यादेपुढे ते बिनसायला लागतं. मग ती मर्यादा आपल्याकडे कुणीतरी आखायला नको का?

भत्त्याबद्दल थोडक्यात. मुक्कामाचा भत्ता ठरावीक असतो, लॉज आणि दोन वेळचं जेवण त्यात बसवायचं. लॉजचे दर दरवर्षी वाढतात, भत्ता तीन-चार वर्षांनी एकदा. मग जो तो स्वस्त खोली शोधतो, फळं-ताक सोडून वडापाववर दिवस काढतो, दोघं मिळून एका खोलीत राहतात. वाचलेले पैसे घरी मुलांच्या फीला जातात. यात चैन कुणाचीच होत नाही.

आता कायद्याचं. आमच्यासाठी १९७६ साली विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांचा स्वतंत्र कायदा झाला. केलेल्या कामाच्या अकराव्या हिश्श्याइतकी भरपगारी रजा आणि सेवेच्या अठराव्या हिश्श्याइतकी निमपगारी आजारपणाची रजा त्यानं दिली. त्या काळाच्या मानानं ते मोठं पाऊल होतं, आणि त्यासाठी आमच्या संघटनांनी झगडा केला होता. पण आजारी पडल्यावर काय द्यायचं हे त्यात आहे, आजारी पडू नये म्हणून काय करायचं ते नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि हा कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन झाला. त्या संहितेत कामगार कोण याची व्याख्या वाचताना मला एक गोष्ट दिसली आणि म्हणूनच तुम्हाला लिहायचं धाडस झालं. 'श्रमिक पत्रकार आणि विक्री संवर्धन कर्मचारी' असा उल्लेख तिथे एकाच दमात आहे. तुमचे जिल्हा वार्ताहरही असेच रात्री-अपरात्री दुचाकीवर फिरतात, ढाब्यावर जेवतात. तुम्हाला आमचं वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

चाळिशीपुढच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी करावी, असं नव्या संहितांसोबत सरकारनं जाहीर केलं आहे. चांगलं आहे. पण आमच्याकडे पोरगा बी.फार्म. किंवा बी.एस्सी. होऊन बाविसाव्या वर्षी बॅग उचलतो. चाळिशीला त्याची अठरा वर्षं फिरती झालेली असते. रक्तदाब आणि साखर तोपर्यंत कुणाच्या परवानगीची वाट पाहत नाहीत. फिरतीवरच्या माणसासाठी ही तपासणी नोकरी लागल्यापासूनच हवी, आणि तिचा अहवाल पाहून कंपनीच्या डॉक्टरनं 'याच्या मुक्कामाच्या रात्री इतक्याच' असं लिहिण्याची सोय हवी. रात्रीचा प्रवास करून आलेल्याला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कामाला लावू नये. परगावचा शेवटचा कॉल आणि दुसऱ्या दिवशीचं निघणं यांच्यात सलग नऊ तास असावेत, ड्रायव्हरसाठी आपण जे मान्य केलं होतं तेच. सलग दोन रात्रींपेक्षा जास्त मुक्काम लावला तर तो कशासाठी, हे मॅनेजरनं लिहून द्यावं. भत्ता ठरावीक आकड्याऐवजी लॉजच्या बिलावर मिळावा. यातल्या बहुतेक गोष्टींना कंपनीला मोठा खर्च नाही. टॅबवर आमचं लोकेशन मिनिटामिनिटाला दिसतं, तर शेवटच्या कॉलची वेळ आणि पहिल्या कॉलची वेळ यांच्यातलं अंतर मोजायला ते ॲप पुरेसं आहे.

आणि तुमच्या वाचकांमधल्या डॉक्टरांना हात जोडून एक विनंती. आयएमएच्या, म्हणजे डॉक्टरांच्या संघटनेच्या, तालुका शाखांनी एकत्र बसून ठरवलं तर एमआरना भेटायची वेळ संध्याकाळी सातच्या आत आणता येईल. आठवड्यातले दोन दिवस ठरवून द्या, दुपारी अर्धा तास द्या, चालेल. काही गावांत एखाद-दोन डॉक्टर असं करतात, दारावर वेळेची पाटीच लावलेली असते, आणि ती पाळतात. त्या गावाला मुक्काम असला की आम्ही साडेआठला जेवतो.

कंपन्यांचं नवं वर्ष एप्रिलला सुरू होतं. त्याआधी फेब्रुवारी-मार्चमध्ये वर्षभराचे भत्ते, गावांची वाटणी आणि डॉक्टरांच्या याद्या ठरतात. एकदा ठरल्या की बारा महिने कुणी हात लावत नाही. ते होण्याआधी हे पत्र छापून आलं, तर आमच्या संघटनेची मंडळी कात्रण घेऊन मॅनेजमेंटसमोर बसायला तयार आहेत.

आपला,
एक औषध विक्री प्रतिनिधी, अकोला
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)